मास्तरांच्या पोटातल्या सासूबाई

मास्तर गाडी चालवायला शिकवायचे. त्यांच्या शिकवणीच्या गाडीला दोन ब्रेक होते, एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि दुसरा मास्तरांच्या. वर्षानुवर्षं त्या दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून बसल्यामुळे त्यांचा स्वभावच सबुरीचा झाला होता. घरी सिनेमा बघतानासुद्धा नायकाने वळणावर गाडी दामटली की मास्तरांचा पाय सतरंजीत रुतायचा. आवाज मात्र कधी चढायचा नाही. एका बाईंनी पहिल्याच दिवशी गाडी थेट रोपवाटिकेत घातली, तेव्हा बॉनेटवर येऊन पडलेल्या कुंडीकडे बघत मास्तर एवढंच म्हणाले होते, "छान. आता रिव्हर्स कसा टाकायचा ते बघू."

अशा या माणसाच्या दोन्ही किडन्यांनी चाळिशी ओलांडल्याबरोबर काम सोडलं. आधी पाय सुजले, मग जेवण जाईना, मग जिना चढताना मधल्याच पायरीवर बसून 'जरा बुटाची नाडी बांधतो' असं म्हणायची वेळ आली. त्यांच्या बुटांना नाड्या नव्हत्या. शेवटी डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट बघून मान हलवली आणि मास्तर आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या खुर्चीत जाऊन बसू लागले.

हे सगळं चारचौघांत सांगता येण्यासारखं होतं. शेजारीपाजारी विचारायचे, मास्तर सांगायचे. पण याच काळात आणखी एक गोष्ट बंद पडली होती आणि ती कोणाला सांगावी हेच त्यांना कळत नव्हतं. बायकोला सांगायची गरज नव्हती, कारण ती तिथेच असायची.

बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत 'आता बरं दिसतंय, की आधीचं बरं होतं?' हे विचारण्यात तिचा दिवस जायचा. हसरी, गोलमटोल, बोलता बोलता समोरच्याचा हात धरणारी बाई. दोघांचा संसार तसा रंगेल होता. एकुलती एक मुलगी शिकायला बाहेरगावी गेली, तेव्हा दोघांनी तिला निरोप देताना भरपूर डोळे पुसले आणि घरी येऊन दाराला जी कडी लावली, ती दुसऱ्या दिवशी दूधवाल्याने दार बडवल्यावरच काढली. आणि आता मास्तर जेवण झाल्या झाल्या आडवे व्हायचे आणि बायको खोलीत यायच्या आत घोरायला लागायचे.

"तू खोटं घोरतोस," बायको एकदा म्हणाली. "खरं घोरताना तुझी शिट्टी वाजते."

यावर मास्तरांनी डोळे न उघडता शिट्टीही वाजवली.

सुरुवातीला प्रयत्न झाले नव्हते असं नाही. पण अंग ऐकेना. मन तयार झालं तर शरीर ढिम्म, आणि पुढे पुढे मनच 'आज राहू दे' म्हणायला लागलं. थकवा असा की मिठी मारली तर तिच्या खांद्यावरच डोळा लागायचा. मास्तरांनी मनाशी ठरवून टाकलं की आपण पुरुष म्हणून आटोपलो. बायकोला काय वाटतंय ते त्यांनी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. तिने हौसेने आणलेला निळा गाऊन घडी न मोडता कपाटात सगळ्यात वर ठेवून दिला, आणि ती पाठ करून झोपू लागली.

डायलिसिसच्या खोलीत मास्तरांच्या शेजारच्या खुर्चीत बेकरीवाले असायचे. साठीचे गृहस्थ, आवाज खणखणीत, आणि बोलायला कुठलाही विषय वर्ज्य नाही असा त्यांचा लौकिक. तरी गेले कित्येक महिने खोलीतले सगळे पुरुष हवापाणी, निवडणुका आणि दिवसाला किती पाणी प्यायला परवानगी आहे, यापलीकडे गेले नव्हते.

मग एक नव्या सिस्टर आल्या. त्यांना प्रत्येक पेशंटला सगळे प्रश्न विचारायची शिस्त होती. झोप लागते का, अंगाला खाज सुटते का, पोट साफ होतं का, आणि मग त्याच सुरात, तेवढ्याच मोठ्याने, "बायकोशी संबंध कसे आहेत?"

"चांगले आहेत," मास्तर म्हणाले. "आमच्यात भांडण म्हणून नाही."

"भांडणाचं नाही विचारत. शरीरसंबंधांचं विचारतेय."

मास्तरांच्या दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा होता. तो नेमका त्याच क्षणी फुगला. मशीन किंचाळायला लागलं. सिस्टरांनी वाकून आकडा पाहिला. "अहो, एवढं कसं चढलं? शांत व्हा. लांब श्वास घ्या." दोन वॉर्डबॉय धावत आले. मास्तर लांब लांब श्वास घेत राहिले. चला, संकट टळलं, असं त्यांना वाटलं.

"सिस्टर," बेकरीवाले शेजारून गरजले, "त्यांचं राहू द्या, माझं ऐका. आमची भट्टी पेटते, पण पाव फुगत नाही!"

खोलीत हशा उसळला. पलीकडे एक निवृत्त न्यायाधीश बसायचे, ते कधी कोणाशी चकार शब्द बोलत नसत. त्यांनी वर्तमानपत्र न हलवता आतूनच सांगितलं, "माझी भट्टीही पेटत नाही."

"आमचंही तेच!" कोपऱ्यातून आवाज आला. "मला वाटलं, मी एकटाच!" आणखी कोणीतरी म्हणालं. मास्तर थक्क होऊन एकेका खुर्चीकडे बघत राहिले. इतके दिवस ही सगळी मंडळी एकच दुःख उराशी धरून निवडणुकांवर वाद घालत होती.

"मास्तर, तुमची गाडी?" बेकरीवाल्यांनी विचारलं.

मास्तरांनी छताकडे पाहिलं. मग म्हणाले, "गॅरेजमध्ये आहे."

सिस्टरांनी राउंडवर आलेल्या किडनीच्या डॉक्टरांना हे सगळं सांगितलं, आणि डॉक्टर स्टूल ओढून खोलीच्या मधोमध बसले. "एवढं लाजायचं काय त्यात?" ते म्हणाले. "किडनी गेलेल्या निम्म्याहून जास्त पुरुषांना हा त्रास होतो. रक्तात घाण साठते, रक्त कमी होतं, हार्मोन्सचा तोल जातो, नसा सुस्तावतात. त्यात ब्लडप्रेशरच्या काही गोळ्या भर घालतात आणि काळजी तर असतेच. मर्दानगीबिर्दानगीचा काही संबंध नाही. सांगितलंत तर गोळ्या बदलता येतात, उपाय करता येतात. किडनी बदलल्यावर बऱ्याच जणांचं सुधारतं. सगळ्यांचं नाही, आणि एका दिवसात तर नाहीच. पण सुधारतं."

त्या दिवशी मास्तर घरी निघाले ते आज बायकोशी बोलायचंच असा निश्चय करून. पण दार उघडलं सासूबाईंनी.

सासूबाईंनी उभं आयुष्य पोहायला शिकवण्यात घालवलं होतं. सगळे त्यांना कोचबाई म्हणायचे. साठी उलटली तरी खांदे भारदस्त, चाल ताठ, आणि आवाज असा की तलावाच्या पलीकडच्या टोकाला बुडणारा माणूससुद्धा दचकून वर यायचा. बायकोचा रक्तगट मास्तरांशी जुळत नव्हता, म्हणून गेले काही दिवस घरात सगळ्यांचेच चेहरे पडले होते. कोचबाईंनी कोणाला न सांगता आपला तपासून घेतला होता.

"जुळतोय," त्यांनी दारातच जाहीर केलं. "कधी कापायचं?"

"आई, अहो, तुम्ही कशाला या वयात..."

"जावईबापू, माझ्याकडे दोन आहेत, तुमच्याकडे एकही नाही. यात बोलण्यासारखं काय आहे?"

पुढे कोचबाईंच्या महिनाभर तपासण्या झाल्या. तब्येत अगदी पंचेचाळिशीतल्या बाईसारखी आहे, असं डॉक्टरांनी कौतुकाने सांगितलं. "पंचेचाळीस?" कोचबाई नाराज झाल्या. "परत मोजा."

ऑपरेशन झालं. किडनीही मालकिणीसारखीच निघाली, जोडल्या जोडल्या कामाला लागली. कोचबाईंनी भूल उतरल्यावर डोळे उघडून लेकीला पहिला प्रश्न केला, "केली का तिने?" लेक म्हणाली, "हो आई, धो धो." मग कोचबाई समाधानाने पुन्हा झोपल्या.

इकडे मास्तरांना वाटलं होतं की नवी किडनी जुन्यांच्या जागी पाठीकडे बसवतील. पण तशी पद्धत नसते. जुन्या तिथेच ठेवतात आणि नवी पुढे, ओटीपोटात, उजव्या अंगाला बसवतात. शुद्धीवर आल्यावर मास्तरांनी चादर उचलून खाली पाहिलं. पट्टी कुठे आहे ते पाहिलं. तिच्या शेजारी काय आहे तेही पाहिलं. मग चादर हलकेच सोडून दिली. सासूबाई राहायला आल्या होत्या, आणि त्याही अगदी भिंतीला भिंत लागून.

दवाखान्यातून सुटल्यावर बायकोने दोघांनाही एकाच घरात आणून ठेवलं, म्हणजे एकाच वेळी दोघांकडे बघता येईल. कोचबाई आठवडाभरात ठणठणीत झाल्या आणि त्यांनी मास्तरांचा ताबा घेतला. सकाळी दारावर थाप पडायची, "माझी किडनी उठली का?" दुपारी, "माझ्या किडनीला पाणी पाजा हो, तिला पाण्याची सवय आहे." संध्याकाळी शेजारीण ख्यालीखुशाली विचारायला आली की तिच्यासमोरच, "काय जावईबापू, आज माझ्या किडनीने किती केली?" मास्तर खाली मान घालून मिलीलिटर सांगायचे.

पण अंगात जीव आला होता, हे खरं. तोंडाला चव आली. जिना एका दमात चढता यायला लागला. बायको भाजी चिरत असली की मास्तर उगाचच स्वयंपाकघरात घुटमळायला लागले. एकदा तिच्या मानेवरचे केस बाजूला करावेत म्हणून त्यांनी हात उचलला, तेवढ्यात मागून आवाज आला, "जावईबापू, वजन उचलायचं नाही!" मास्तरांनी त्याच हाताने फळीवरचा डबा उचलून खाली ठेवला आणि बाहेर गेले.

महिनाभराने दोघांना तपासणीला बोलावलं. त्या दिवशी सर्जन होते. त्यांनी आधी कोचबाईंचे टाके बघितले, मग मास्तरांचे. "उत्तम," ते म्हणाले. "काही विचारायचंय?"

विचारायचं होतंच. पण कोचबाई खुर्चीला खुर्ची लावून बसल्या होत्या. मास्तरांना बेकरीवाल्यांची भाषा आठवली. त्यांनी भुवया वर केल्या, घसा साफ केला आणि अर्थपूर्ण सुरात विचारलं, "डॉक्टर, मी गाडी कधीपासून सुरू करू?"

"अजून पंधरा दिवस जाऊ द्या," सर्जन म्हणाले. "मग हळूहळू सुरू करा. सुरुवातीला दिवसाउजेडी. दहा मिनिटं पुरेत."

"दहा पुरेत," मास्तरांनी मान डोलावली. त्यांना उलट धीर आला.

"धक्के बसतील असं काही नको. दुखायला लागलं तर हट्ट करायचा नाही, बाजूला घ्यायचं आणि थांबायचं."

"बाजूला. हो."

"लांबचा पल्ला तीन महिन्यांनंतर. आणि सध्या ओळखीच्याच रस्त्याने जा. नवीन काही करून बघायला जाऊ नका."

"छे, छे! या वयात काय नवीन!"

"आणि एकट्याने नको. कोणीतरी बरोबर असू द्या."

"एकट्याने कसं होईल, डॉक्टर? बायको असणारच की."

"तिला कुठे वेळ असतो?" कोचबाई मध्येच म्हणाल्या. "ती दिवसभर दुकानात. मी बसते की शेजारी. लक्षही राहील."

मास्तरांना असा ठसका लागला की सर्जननी उठून त्यांच्या पाठीवर थोपटलं. "आणि मास्तर," थोपटता थोपटता ते म्हणाले, "सीटबेल्ट सैल ठेवा, पण लावा. शिकवणाऱ्याने तरी नियम मोडू नये."

सीटबेल्ट म्हटल्यावर मास्तरांच्या डोक्यात प्रकाश पडला. सर्जन पहिल्यापासून गाडीबद्दलच बोलत होते. म्हणजे यातलं त्या दुसऱ्या बाबतीत लागू काय आणि नाही काय, हा प्रश्न होता तिथेच राहिला. घरी येऊन त्यांनी न्हाणीघरात नळ सोडला आणि बेकरीवाल्यांना फोन लावला.

"अहो, काय बिघडलं?" सगळं ऐकून बेकरीवाले म्हणाले. "किडनी बदललेल्यांना डॉक्टर वेगळं काय सांगतात? हळू, जपून, पोटावर भार नको. सीटबेल्टचं मात्र घरी विचारून ठरवा." त्यांची स्वतःची एक गोळी बदलून मिळाली होती आणि पाव आता थोडाथोडा फुगतो, अशी खुशखबरही त्यांनी दिली.

आणि मग एका सकाळी ते घडलं. बायको आंघोळीला गेली होती. मास्तर जागे झाले, आळस दिला, आणि त्यांचं लक्ष चादरीकडे गेलं. चादरीचा तंबू झाला होता. मास्तरांनी डोळे चोळले. तंबू होता तसाच. इतक्या दिवसांनी हे दृश्य पाहून त्यांना भरून आलं. परदेशी गेलेला भाऊ न कळवता दारात उभा राहावा तसं वाटलं.

"अगं!" ते ओरडले. "अगं लवकर ये! बघ, बघ!"

दार धाडकन उघडलं. एका हातात थर्मामीटर आणि दुसऱ्या हातात ब्लडप्रेशरचं मशीन घेऊन कोचबाई आत आल्या.

"काय झालं? ताप? दुखतंय? माझ्या किडनीला काही झालं का?"

मास्तरांनी उशी ओढून मांडीवर घेतली. "काही नाही, आई. स्वप्न पडलं."

"चेहरा केवढा लाल झालाय! उशी बाजूला करा, टाके बघू देत."

"नको!"

मास्तरांनी असा आवाज चढवलेला त्यांच्या लग्नानंतर कोणी ऐकला नव्हता. कोचबाई जागच्या जागी थांबल्या. त्यांनी उशीकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं. "बरं," त्या म्हणाल्या, आणि बाहेर जाताना त्यांनी दार ओढून घेतलं.

बायको ओल्या केसांनी धावत आली. "ओरडलास का?"

"आला होता," मास्तर म्हणाले.

"कोण?"

मास्तरांनी खूण केली. तिला समजायला वेळ लागला. मग तिने उशी उचलून बघितली.

"कुठाय?"

"आई आल्या. घाबरून गेला."

बायको पलंगाच्या काठावर बसली आणि हसायला लागली. आधी तोंडावर टॉवेल धरून, मग टॉवेल टाकून, पोट धरून. हसता हसता तिच्या डोळ्यांतून जे पाणी यायला लागलं ते हसण्याचंच असेल असं मास्तरांना वाटलं, पण ते थांबेना.

"मला वाटायचं, मी आवडेनाशी झाले," ती म्हणाली. "जाड झाले म्हणून. तू मी यायच्या आत घोरायचास."

"काय बोलतेस! मी घोरायचो ते लाजेने. जवळ घेतलं तर पुढचं करावं लागेल, आणि पुढचं जमायचं नाही."

"पुढचं कोणी मागितलं होतं? नुसता जवळ आला असतास तरी मला चाललं असतं."

मास्तर नुसते जवळ सरकले. तिच्या केसांचं पाणी त्यांच्या बनियनवर टपटपत राहिलं, आणि इतक्या दिवसांत आपण हिशेब किती चुकीचा मांडला होता, हे त्यांना कळत गेलं.

पंधरा दिवस उलटले. एका रविवारी सकाळी कोचबाई फिरायला बाहेर पडल्या. जिन्यावरून त्यांच्या पावलांचा आवाज विरतोय न विरतोय तोच बायकोने कपाटातला निळा गाऊन काढला. पडदा ओढला. सगळं छान चाललं होतं. भाऊ परत आला होता आणि या वेळी मुक्कामाच्या तयारीने आला होता. मग बायकोचा हात मास्तरांच्या पोटावरून उजवीकडे गेला.

"आई!" मास्तरांच्या तोंडून निघालं.

बायकोने हात मागे घेतला. "दुखलं?"

"नाही. तू हात ठेवलास ना, तिथे आई आहेत."

बायकोने हसू दाबायचा खूप प्रयत्न केला. तिने हात डावीकडे नेला. "आता बरं, की आधीचं बरं होतं?" तिने दुकानातल्या आवाजात विचारलं, आणि मग दोघंही इतके हसले की भाऊ पुन्हा गावाला निघून गेला.

एकदा हसण्यावारी गेलं, पण पुढच्या दोन्ही वेळी तेच. नेमक्या क्षणी मास्तरांना वाटायचं की कोणीतरी आतून घड्याळ लावून बसलंय आणि आता ओरडणार, 'पाय! पाय सरळ!' शेवटी बायको म्हणाली, "आईला सांग जाऊन तिच्या घरी राहायला. ती बरी झालीये, तूही झालायस."

"मी? त्यांनी मला किडनी दिली, आणि मी त्यांना घराबाहेर काढू?"

"मग तिला पोटातून काढ," बायको म्हणाली आणि कामाला गेली.

मास्तर तलावावर गेले. कोचबाईंना पाण्यात उतरायची परवानगी अजून नव्हती, पण त्या काठावर खुर्ची टाकून आजीबाईंच्या वर्गाला शिकवत होत्या. मास्तर शेजारी उभे राहिले. काय बोलायचं ते त्यांनी वाटेत घोकून ठेवलं होतं, ते सगळं एका दमात विसरले.

"बसा," कोचबाई म्हणाल्या. "तुम्ही कशाला आलात ते मला माहीत आहे."

"नाही, म्हणजे, सहज..."

"जावईबापू, मी काय दूधखुळी आहे? उशीखाली काय लपवलं होतंत ते मला कळलं नाही होय? मला एक मुलगी आहे, ती काय तलावात सापडली?"

कोचबाईंना हळू बोलता येत नसे. आवाज पाण्यावरून पार पलीकडच्या भिंतीपर्यंत गेला. हातपाय मारणाऱ्या आजीबाई एकेक करून काठाला धरून थांबल्या.

"आई, जरा हळू..."

"रविवारी मी मुद्दाम लांब चक्कर मारून आले. आले तर तुमचं तोंड एवढंसं! काय अडलंय?"

मास्तरांनी पाण्याकडे बघत, ओठ न हलवता सांगितलं, "ती तुमची आहे ना. किडनी. त्यामुळे तुम्ही तिथेच आहात असं वाटतं."

"मी तुम्हाला एखादा सदरा दिला असता," कोचबाई म्हणाल्या, "तर तो घातल्यावर मी तुम्हाला बघतेय असं वाटलं असतं का?"

मास्तरांनी प्रामाणिकपणे विचार केला. "हो," ते म्हणाले.

तलावभर हसण्याची लाट फुटली. कोचबाईही हसल्या, पोटावरचे टाके धरून. "अहो, तिला डोळे नाहीत, कान नाहीत. तिला एकच काम येतं, ते ती करतेय. बाकीची तुमची तुम्ही करा." मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि खरोखरच आवाज खाली आणला. "माझी पोरगी दोन वर्षं हसली नव्हती. म्हणजे तोंडदेखली हसायची. त्या दिवशी सकाळी तुमच्या खोलीतून तिच्या हसण्याचा आवाज आला, मी स्वयंपाकघरात उभी होते. तेव्हा मला कळलं, किडनी लागली. डॉक्टरांचे आकडे गेले खड्ड्यात."

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं. कोचबाई लगेच तलावाकडे वळल्या. "आणि मी आजच माझ्या घरी जातेय. माझ्या खोलीत कबुतरांनी संसार मांडला असेल. किती केली ते विचारायला फोन करणार नाही. ती आता तुमची आहे, मापं तुम्ही ठेवा."

"कोच," काठावरच्या एक आजीबाई म्हणाल्या, "आम्ही पोहायचं, की अजून काही आहे?"

"पोहा! पाय सरळ!"

मास्तर आणि बायको दोघं मिळून किडनीच्या डॉक्टरांकडे गेले, आणि या वेळी मास्तरांनी गाडीचं नाव न काढता सरळ विचारलं. सरळ विचारल्यावर उत्तरही सरळ मिळालं. डॉक्टरांनी ब्लडप्रेशरची एक गोळी बदलली. ताकदीची म्हणून मिळणारी कुठलीही गोळी आपल्या मनाने घ्यायची नाही, गरज पडलीच तर मी लिहून देईन, अशी ताकीद दिली. सध्याच्या औषधांवर असताना मूल राहणार नाही याची काळजी घ्यायला सांगितलं, तेव्हा बायको म्हणाली, "डॉक्टर, आम्ही अजून पहिल्या गिअरमध्ये आहोत." मास्तर कानापर्यंत लाल झाले, पण मशीन वगैरे काही किंचाळलं नाही.

सगळं एका झटक्यात रुळावर आलं असं नाही. कधी जमलं, कधी नाही. नाही जमलं तर मास्तर घोरायचं सोंग न घेता बायकोच्या कुशीत पडून शिकणाऱ्यांचे किस्से सांगायचे. पोटातली जागा कधी आठवायची, कधी आठवायची नाही. एका दुपारी बायकोने दुकानातून अर्धी सुट्टी घेतली, मास्तरांनी शिकवणी पुढे ढकलली, आणि त्या दुपारी दोघांनाही दुसरं कोणी म्हणजे कोणीच आठवलं नाही.

नंतर बायको तशीच पडल्या पडल्या बिस्किटं खात होती आणि चुरा चादरीवर सांडत होता. तेवढ्यात मुलीचा फोन आला.

"आई, दुकानात फोन केला, तर तू घरी गेलीस म्हणाले. बाबा बरे आहेत ना? मला खरं सांग. मी उद्याच निघून येते."

"बाबा एकदम बरे आहेत," बायको म्हणाली. मास्तरांनी तिच्या हातातलं बिस्किट हळूच पळवलं. "तू नीट अभ्यास कर, परीक्षा दे, मैत्रिणींबरोबर कुठे चार दिवस फिरायला जायचं असेल तर जाऊन ये. आमची मुळीच काळजी करू नकोस. आणि हे बघ, येशील तेव्हा आधी कळवून ये."